हजेरीपटाबाहेरची पोरं आणि आपलं लिहिणं

दलित स्वकथनांवर आजवर ढीगभर समीक्षा झाली. भाषा झाली, भूक झाली, विद्रोह झाला, ‘मी’ झाला, ‘आम्ही’ झाला. प्रबंध झाले, प्रबंधांवर प्राध्यापक मंडळींच्या बढत्या झाल्या. एक साधी गोष्ट मात्र या ढिगाखाली दबून राहिली. ही सगळी पुस्तकं शाळा पार केलेल्यांची आहेत. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ चं, प्र. ई. सोनकांबळेंचं ‘आठवणींचे पक्षी’ १९७९ चं, लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’ १९८० चं, शरणकुमार लिंबाळेंचं ‘अक्करमाशी’ १९८४ चं, लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ १९८७ चं. प्रत्येकात शाळेची वाट काट्याकुट्याची आहे, पण ती शेवटी कुठंतरी पोचते. पोचली नसती तर पुस्तक आपल्या हातात आलंच नसतं.

ज्याची शाळा मधेच सुटली त्याचं पुस्तक नाही. यात त्या लेखकांचा काही दोष नाही. दोष आपला, वाचणाऱ्यांचा आणि त्यावर लिहिणाऱ्यांचा. पाच-पंचवीस पोचलेल्यांच्या पुस्तकांवरून आपण सगळ्या वस्तीचा हिशोब मांडून मोकळे झालो. ‘शिक्षणानं आम्हाला माणूस केलं’ हे वाक्य सभेत टाळ्या घेतं. मग ज्यांना ते मिळालं नाही ते कोण, असं त्या सभेत मागं उभा राहिलेला माणूस विचारीत नाही, कारण त्याला कुणी माईक देत नाही.

खानदेशात बसून ही पुस्तकं वाचताना हा प्रश्न जास्त टोचतो. ‘संघर्षग्रस्त भागातल्या मुलांचं शिक्षण’ असा एक शब्दप्रयोग हल्ली मोठाल्या संस्थांच्या अहवालांत असतो. तो वाचला की डोळ्यासमोर अफगाणिस्तान येतो, गाझा येतं, काश्मीर येतं, फार तर आपलं गडचिरोली. जळगाव-धुळे येत नाही. इथं केळी आहे, कापूस आहे, सोन्याच्या पेढ्या आहेत, संघर्ष कुठाय? बरं, मग हे काय होतं ते सांगा. ८ मे १९७० ला जळगावात दंगल झाली. मादन आयोगानं मेलेले ४३ मोजले, त्यातले ४२ मुसलमान. १९७१ च्या मे महिन्यात तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, शहादा तालुक्यात, पाटीलवाडीला भिलांवर गोळ्या चालल्या. १९९३ पासून नर्मदेच्या फुगवट्यात मणिबेलीसारखी गावं बुडू लागली. ६ जानेवारी २०१३ ला धुळे शहरात दंगल झाली, पोलिसांच्या गोळीबारात ६ जण गेले. २०१८ च्या जूनमध्ये जामनेर तालुक्यातलं वाकडी आणि लगेच १ जुलैला साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आणि ज्यांचं पेपरात नावच येत नाही असे पोळ्याचे, पाण्याचे, मिरवणुकीचे, मसणवट्याचे तंटे तर गावोगाव.

दंगलीच्या हिशोबात मेलेले मोजतात, जळालेली दुकानं मोजतात, पंचनामे होतात. त्या वर्षी चौथीत असलेला पोरगा पाचवीत गेला का, याचा पंचनामा नसतो. शाळेच्या रजिस्टरात त्याच्या नावापुढं ‘सतत गैरहजर’ असा शेरा पडतो आणि पुढं नाव कमी होतं. बहिष्कार, दंगल, धरण, मारहाण, सगळं या दोन शब्दांत मावतं. सरकारी मराठीचं हे कसब आपल्या कवींनीही शिकून घ्यावं, इतकं मोठं आहे.

माझ्या ओळखीतला साठी उलटलेला एक माणूस आहे. हमाली करतो. त्याला बारापर्यंतचे पाढे पाठ आहेत, अगदी झोपेतून उठवून विचारले तरी. तेराचा येत नाही. तेराचा ज्या आठवड्यात सुरू होणार होता त्या आठवड्यात गावात वस्तीशी तंटा झाला, दळण बंद, किराणा बंद, आणि पोरं शाळेत पाठवायची तर गावाच्या मधून जावं लागायचं. दीड-दोन महिन्यांनी तंटा मिटला. तोवर हा दुसऱ्या गावी मामाकडं ढोरं वळायला गेलेला होता. त्याच्यापाशी शिक्षणाच्या हक्काचं सगळं तत्त्वज्ञान आहे, तो मात्र ते ‘तेराचा राहून गेला’ एवढंच सांगतो. याला साहित्य म्हणायचं का? मी म्हणतो, म्हणायचं. पण ते लिहिणार कोण, हा खरा मुद्दा आहे, आणि त्यासाठी एका जुन्या पुस्तकाकडं जावं लागतं.

बाबासाहेबांचं ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे छोटंसं पुस्तक. १९३५-३६ च्या सुमारास इंग्रजीत लिहिलेलं, पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९९० साली पुस्तिका म्हणून काढलेलं. त्यात चाळीसगावची हकीकत आहे, साल १९२९. अस्पृश्य आणि आदिवासी यांची गाऱ्हाणी तपासायला मुंबई सरकारनं स्टार्ट समिती नेमली होती, बाबासाहेब तिचे सभासद. खानदेशचे दोन जिल्हे त्यांच्याकडं होते. काम आटोपून मुंबईला जाताना ते चाळीसगावला उतरले. तिथल्या महारांनी रात्रीचा मुक्काम करायचा आग्रह धरला. टांगेवाले महाराला टांग्यात घेऊन हाकायला तयार नव्हते. शेवटी टांगा मिळाला, हाकणारा मिळाला नाही. मग वस्तीतलाच एक जण हाकायला बसला, ज्याला टांगा हाकता येत नव्हता. पुलावर चाक अडलं, बाबासाहेब फरसबंदीवर फेकले गेले, पाय मोडला. घोडा आणि टांगा खाली नदीत.

ही हकीकत आपल्याकडं पाठ आहे. शेकडो भाषणांत ती येते. बॅरिस्टर झाला तरी टांगेवाला त्याला आपल्यापेक्षा हलका समजतो, असा तिचा सारांश. तो बरोबर आहे, बाबासाहेबांनी स्वतःच तसा काढलाय. पण हकीकतीच्या सुरुवातीला एक गोष्ट आहे ती आपण सगळे ओलांडून पुढं जातो. ते चाळीसगावला उतरले कशासाठी? धुळ्याच्या फाट्यावरच्या एका गावात स्पृश्यांनी अस्पृश्यांवर बहिष्कार टाकला होता, त्याची चौकशी करायला. रात्री चाळीसगावला टांग्यात बसण्याच्या आधी ते त्या गावी जाऊन, परिस्थिती समजून घेऊन परतही आले होते. मोडलेला पाय आपल्याला माहीत आहे. बहिष्कृत गाव कुठलं, तिथल्या पोरांचं त्या वर्षी काय झालं, हे विचारायचं आपल्याला सुचलं नाही. ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर आपली जत्रा भरते, कारण १९३७ साली बाबासाहेब तिथं राहिले होते. जत्रा भरावी, जरूर भरावी. पण धुळे फाट्यावरच्या त्या गावाला आजवर कुणी हार घातल्याचं ऐकिवात नाही.

आता या पुस्तकाची घडण पाहा. सहा प्रकरणं. चार त्यांच्या स्वतःच्या वाट्याला आलेली : पोरवयातला गोरेगावचा प्रवास, बडोदा, चाळीसगाव, दौलताबाद. उरलेली दोन दुसऱ्यांची : काठेवाडातल्या एका बाळंतिणीकडं डॉक्टर आला नाही ती, आणि गुजरातेतल्या एका भंगी तरुणाला कचेरीत कारकुनी करू दिली नाही ती. दुसऱ्यांच्या या हकीकती तळटीप म्हणून किंवा परिशिष्ट म्हणून आलेल्या नाहीत. स्वतःच्या दुःखाच्या पंक्तीला, त्याच मापानं वाढलेल्या आहेत. स्वतः परदेशी पदव्या घेतलेला माणूस आपली गोष्ट सांगताना तिथं थांबत नाही, ज्याला लिहिता येणार नाही किंवा ज्याचं लिहिलेलं कुणी छापणार नाही त्याला बाजूला बसवून घेतो. आपल्या स्वकथनांनी बाबासाहेबांपासून पुष्कळ घेतलं, ही घडण मात्र घेतली नाही. ‘मी’ चं पुस्तक झालं. वर्गात शेजारी गोणपाटावर बसणारा पोरगा दुसऱ्या प्रकरणापर्यंत असतो, मग कुठं जातो कळत नाही. लेखक हायस्कुलात गेला की त्या पोराला पुस्तकात जागा उरत नाही.

याला अपवाद म्हणून ‘उचल्या’ चा उल्लेख केला पाहिजे. त्यात लक्ष्मण शाळेत जायला लागल्यावर समाजातली पोरं आजारी पडतात, आणि याच्या शाळेमुळं ही रोगराई आली म्हणून समाज बापाच्या मागं लागतो. एक पोरगा शाळेत गेल्यानं बाकीच्यांवर काय आलं, हे लेखकानं लपवलेलं नाही. त्या प्रसंगाला अंधश्रद्धेचा नमुना म्हणून परीक्षेत प्रश्न विचारतात. मला तो भीतीचा नमुना वाटतो. पोलीस रोज दारात येणाऱ्या, गुन्हेगार म्हणून नोंदलेल्या जमातीला शाळा ही पोलीस ठाण्याची धाकटी बहीणच वाटणार. तिथं नाव लिहायचं, बापाचं नाव सांगायचं, राहायचं ठिकाण सांगायचं. ‘शाळेत प्रवेश द्या’ एवढं म्हणून हे मिटत नाही, आधी शाळेच्या दाराची भीती जावी लागते.

आता खानदेशानं मराठीला काय दिलं हे सांगताना दोन नावं हटकून घेतात. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, छात्रालय सांभाळत होते, पोरांसाठी हातानं दैनिक लिहून काढत होते. मुलांवर इतका जीव लावणारा मास्तर मराठीत दुसरा दाखवा. १९४७ साली पंढरपूरच्या देवळासाठी प्राण पणाला लावले, तेही खरं. तरी ‘श्यामची आई’ पुन्हा वाचा. म्हाताऱ्या महारणीच्या डोक्यावर मोळी चढवायला आई श्यामला पाठवते, ते प्रकरण मन भरून आणतं. पण ते मोळीपाशी थांबतं. तिच्या घरच्या पोरांच्या पाटी-पेन्सिलीपर्यंत पोचत नाही. स्पर्शापर्यंतच नेऊन सोडणारी ही करुणा पुढं आपल्या पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षं वाढली, आणि पोरांना वाटायला लागलं की मोळी उचलून दिली की झालं.

दुसरं नाव बहिणाबाईंचं. आसोद्याची लेक, जळगावची सून, लिहिता-वाचता येत नव्हतं. गाणी सोपानदेवांनी उतरवून घेतली, १९५२ ला छापली गेली, त्याआधीच बाई गेलेली होती. निरक्षर बाईची कविता आपल्यापर्यंत पोचली ती घरात शिकलेला पोरगा होता म्हणून. तो नसता तर? खानदेशातल्या किती भिलिणींच्या, महारणींच्या, मांगिणींच्या, पावरा बायांच्या घरात सोपानदेव नव्हता याची गिनती कोण करणार? २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव दिलं. चांगलं झालं. वाकडी आणि राईनपाडाही त्याच वर्षातले.

शहाद्याकडं येऊ. १९७२ ला श्रमिक संघटना उभी राहिली, त्याच्या आधीपासून अंबरसिंग महाराज भिलांत काम करीत होते. जमीन, सालदाराची मजुरी, दारू, बाईची इज्जत हे लढ्याचे विषय. मोठ्या शेतकऱ्यांनी पीक संरक्षण सोसायट्या काढून रखवालदार ठेवले होते आणि त्यांची काठी कुणाच्या पाठीवर पडायची हे सांगायला नको. या लढ्यावर कार्यकर्त्यांनी भरपूर लिहिलं. मी वाचलेल्या त्या लिखाणात सालदाराची मजुरी किती, बैलजोडीचा खर्च किती, सगळं बारकाईनं आहे. सालदाराचा पोरगा मात्र ढोरांमागं चाललेला ओझरता दिसतो आणि निघून जातो. बाप साल घालायचा आणि पोरगं मालकाची गुरं वळायचं, म्हणजे एका सालात दोन माणसं. संप झाला, बाप तुरुंगात गेला, की पोरगं पूर्ण वेळ. लढ्याची किंमत मोजायची तर ही पण मोजायला हवी होती. लढा चुकला असं मी म्हणत नाही. हिशोब अर्धा लिहिला गेला, एवढंच म्हणतो.

याच लढ्यातून वाहरू सोनवणे आले. भिल कार्यकर्ता आणि कवी. ‘गोधड’ हा त्यांचा संग्रह १९८७ चा. त्यातली ‘स्टेज’ ही कविता आता देशभर माहीत आहे. आम्ही स्टेजवर गेलो नाही, आम्हाला कुणी बोलावलं नाही, आणि स्टेजवरचे आमचं दुःख आम्हालाच सांगत राहिले, असा तिचा आशय. ही कविता नेहमी पुढाऱ्यांवर आणि शिकलेल्या कार्यकर्त्यांवर टीका म्हणून वाचतात. मी ती एकदा वर्गखोलीची कविता म्हणून वाचून पाहिली, तुम्हीही पाहा. जरा उंचावर खुर्ची, खुर्चीवर मास्तर, खाली जमिनीवर भिलांची पोरं. मास्तर त्यांनाच त्यांच्याबद्दल सांगतोय : आदिवासी डोंगरात राहतात, कंदमुळं खातात, नाच करतात. पोरगं ऐकतंय, कारण बोलायचं तर मास्तरच्या भाषेत बोलावं लागेल. भिलोरी बोललं की वर्ग हसतो. भिलाचंच कशाला, गावातलं अहिराणी बोलणारं पोरगं ‘मन्हा भाऊ शायामा जास’ म्हणालं तरी त्याला आधी ‘शाळा’ म्हणायला शिकवतात, शाळेत काय शिकवायचं ते नंतर. वाहरूंची कविता संपते तरी त्यातलं मौन संपत नाही, आणि त्या मौनाला वयाची अट नाही. सहा वर्षांच्या पोराचं मौन पन्नास वर्षांच्या सालदारात तसंच राहिलेलं असतं. या संग्रहावर भिलोरी जाणणाऱ्यानं, भिलाच्याच पोरानं, शंभर पानं लिहायला हवी होती. आपल्याकडं ‘आदिवासी जाणिवा’ या मथळ्याखाली दोन परिच्छेद लिहून भागवतात.

एका ठिकाणी मात्र गोष्ट उलटी झाली. सातपुड्यात, आजच्या नंदुरबार जिल्ह्यात (१ जुलै १९९८ पर्यंत तो धुळ्यातच होता), नर्मदा आंदोलनातल्या गावांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जीवनशाळा काढल्या. चिमलखेडी, निमगव्हाण इथून सुरुवात. सरकारी शाळा कागदावर होत्या, मास्तर पगाराच्या दिवशी तालुक्याला असायचा. धरणाचं पाणी चढत होतं, पोलीस येत होते, आणि त्याच वेळी गावकऱ्यांनी बांबू-लाकडाच्या शाळा बांधल्या. पोरं आधी पावरी-भिलोरीत शिकली, मग मराठीत, आणि चौथीची परीक्षा देऊन आली. ‘लडाई-पढाई साथ साथ’ ही घोषणा तिथली. इतर ठिकाणी लढा आला की शाळा बंद पडते, इथं लढ्यानंच शाळा उघडली, पाणी चढलं तसतशी काही ठिकाणी ती उचलून वर नेली. २०१९ साली धरण १३८.६८ मीटरपर्यंत पूर्ण भरलं. तोवर तिथं शिकलेल्या पोरांतले काही परत येऊन तिथंच शिकवू लागले होते.

यावर शहरी मंडळींनी जे लिहिलंय ते वाचून मात्र कंटाळा येतो. बासरी, मोर, नाच, निरागस डोळे! माहितीपट काढणारे पण तसेच. पोरगं भाषा कशी शिकलं, गणित पावरीत कसं मांडलं, चौथीनंतर खाली आश्रमशाळेत गेल्यावर पावरी पुन्हा तोंडातच कशी गिळावी लागली, यावर चार ओळी नाहीत. आणि आपणही, दलित लेखकांनी, जीवनशाळेकडं ‘ते आदिवासींचं, ते एनजीओवाल्यांचं’ म्हणून पाठ फिरवली. स्टार्ट समितीनं १९३० च्या अहवालात अस्पृश्य आणि आदिवासी एकत्र पाहिले होते, आपण नव्वद वर्षांनी त्यांना वेगवेगळ्या संमेलनांत बसवलं.

आता २०१८. इथं आपली सोयीची मांडणी मोडते म्हणून थोडं थांबून बोलतो.

वाकडीत मातंग समाजाची पोरं विहिरीत पोहली म्हणून त्यांना नागडं करून मारलं, त्याचा व्हिडिओ काढला. शाळा उघडायला आठवडाही राहिला नव्हता. विहिरीचा मालक भटक्या जमातीतला. तीन आठवड्यांनी राईनपाडा. आठवडे बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत आलेली ५ माणसं ‘पोरं पळवणारी टोळी’ म्हणून जमावानं ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारली. मोबाइलवरच्या अफवा होत्या. गाव आदिवासी पट्ट्यातलं. म्हणजे वाकडीत मारणारा भटका, मार खाणारा मातंग. राईनपाड्यात मरणारा भटका, मारणाऱ्या गर्दीत आदिवासी. या दोन घटनांवर आपण कविता लिहिल्या. मी त्यातल्या पुष्कळ वाचल्या. बहुतेकांत मारणाऱ्याला नाव नाही, ‘मनू’ आहे, ‘व्यवस्था’ आहे, ‘अंधार’ आहे. मनू त्यात नाही असं नाही, कुणाला कुणाच्या खाली बसवायचं हे त्यानंच तर ठरवलं. पण खालच्यानं त्याच्या खालच्याला मारलं हे लिहायला आपली लेखणी कचरली, आणि कचरली म्हणून कविता खोटी झाली.

आणि या कवितांतही पोरं नाहीत. मारली गेलेली माणसं ‘पोरं पळवणारी’ म्हणून मारली, त्यांची स्वतःची पोरं कुठल्या शाळेत होती? पालावरचं पोरगं जूनमध्ये एका गावाला, दिवाळीला दुसऱ्या जिल्ह्यात. ‘उपरा’ मध्ये बाप गाढवाच्या पाठीवर बिऱ्हाड घेऊन गावोगाव फिरतानाही पोराला शाळेत घालायची जिद्द सोडत नाही. त्या पुस्तकाला १९८१ साली साहित्य अकादमी मिळालं, आणि पालावरचा जन्म त्यानंतरही तसाच फिरत राहिला. राईनपाड्यातली पुरुषमाणसं घटनेनंतर धरपकडीच्या भीतीनं गाव सोडून पळाली. त्यांच्या घरातल्या पोरांनी जुलैची हजेरी लावली का? ही पोरं मारणाऱ्यांची, म्हणून त्यांच्याबद्दल विचारायचं नाही, असं असेल तर आपल्यात आणि ‘सतत गैरहजर’ लिहिणाऱ्यात फरक काय राहिला?

कायदा काय म्हणतो तेही बघा, कारण समीक्षकानं कविताच वाचाव्यात असा काही नियम नाही. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा, त्याचे नियम १९९५ चे. नियमांच्या अनुसूचीत लिहिलंय की खून, मृत्यू, बलात्कार, कायमचं अपंगत्व अशा प्रकरणांत पीडिताच्या पोरांच्या शिक्षणाचा आणि पालनपोषणाचा खर्च सरकारनं करायचा, पोरांना आश्रमशाळेत घालता येईल. २०१६ च्या दुरुस्तीत तो खर्च पदवीपर्यंत नेला. ही तरतूद किती वस्त्यांना माहीत आहे? पण तिचं व्याकरण नीट वाचा. बाप मेला तर पुस्तकं. बापाला नुसती मारहाण झाली, वस्तीवर नुसता बहिष्कार पडला, पोराला नुसतं नागडं केलं, तर या कलमात पुस्तकं नाहीत. आणि डवरी गोसावी महाराष्ट्रात भटक्या जमातीत, अनुसूचित जाती-जमातीत नाहीत, म्हणून राईनपाड्याच्या पाच घरांना हा कायदाच लागू नाही. दंगलीत मेलेल्या मुसलमानाच्या पोराला तर नाहीच नाही. पोराच्या शाळेचा हक्क बापाच्या जातीवर आणि बापाच्या मरणाच्या प्रकारावर ठरतो.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून आहे, तो सगळ्या पोरांना लागू आहे हे मान्य. पण त्याला अंतर कळतं ते किलोमीटरचं. २०२३ मध्ये सरकारनं कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचं काढलं, उदाहरण म्हणून आपल्या सातपुड्यातलं तोरणमाळ पुढं केलं. तोरणमाळची शाळा चांगली असेल, तिथं राहायची सोय आहे. सपाटीवरच्या गावात काय होईल ते सांगतो. वस्तीलगतची वीस पोरांची शाळा बंद झाली की पोरानं पुढच्या गावाला जायचं. पुढचं गाव म्हणजे तेच, जिथं मागच्या पोळ्याला त्याच्या बापाला धरून मारलं. नकाशावर ते अंतर दीड-दोन किलोमीटर. बसची सोय करू म्हणतात. बस कुणाच्या दारावरून जाणार, तिचा ड्रायव्हर कोण, ती बंद पडेल त्या दिवशी पोरगी चालत कुठून येणार, हे त्या परिपत्रकात कसं लिहिणार? ते आपण लिहायचं असतं. लेखक म्हणवतो ना आपण?

म्हणून मला आता नव्या ‘मी’ चं पुस्तक फारसं नको आहे. शिकलेल्यानं आपली कहाणी लिहावी, जरूर लिहावी, पण सहातली दोन प्रकरणं त्याच्या वर्गातून गळालेल्यांची असावीत. तो पोरगा कुठल्या यत्तेत होता, त्या महिन्यात गावात काय झालं, मास्तरनं घरी येऊन विचारलं का, पुस्तकं कुणाला दिली का रद्दीत विकली, त्याच्यामागं बहिणीची शाळा पण सुटली का. पोरींचं तर विचारायलाच हवं, कारण तंटा झाला की पहिल्यांदा पोरगी घरात बसते आणि तंटा मिटला तरी बसलेलीच राहते. हे उतरवून घेताना आपली सफाईची मराठी मधे आणू नका. सांगणारा अहिराणीत सांगेल तर अहिराणीत, भिलोरीत सांगेल तर भिलोरीत, उर्दू-मराठीच्या सरमिसळीत सांगेल तर तसं.

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या मित्रांनी निदान एकेक हकीकत पाठवावी. माणसाचं नाव बदललं तरी चालेल, साल आणि यत्ता खरी हवी. कागदाच्या एकाच बाजूला लिहा, अक्षर मोठं काढा, स्टेन्सिल कापणाऱ्याला वाचता आलं पाहिजे.